समूहगानाचा सराव, दिवाळीची सुट्टी आणि घरातला कुत्रा : मेळ कसा घालावा?

मंगळवारपेठ

नमस्कार. मी कोल्हापुरात एकत्र कुटुंबात राहते आणि गेल्या वर्षापासून आमच्या भागातल्या समूहगान मंडळात गाते. मंडळात निवृत्त शिक्षक आहेत, गृहिणी आहेत, दुकान सांभाळून येणारे दोघे-तिघे आहेत. गाण्याचे रीतसर शिक्षण फार थोड्यांचे झाले आहे, पण आमच्या बाई शब्द आणि सूर या दोन्हींबाबत कडक आहेत आणि तिथे जाण्याची ओढ मला त्यामुळेच वाटते. यंदा त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे, दीपोत्सवाच्या वेळी, आम्हाला पंचगंगा घाटावर गायचे आहे.

अडचण अशी, की पाडव्यापासून पौर्णिमेपर्यंतचा पंधरवडा हा सरावाचा सर्वांत महत्त्वाचा काळ आणि मुलांच्या सुट्टीचा काळही तोच. नणंदेच्या कुटुंबासह मालवणला जायचे उन्हाळ्यापासून ठरले आहे. घरात गाण्यावरून मला कोणी बोलत नाही, हे मुद्दाम सांगते. सरावाच्या संध्याकाळी सासूबाई स्वतः भाकरी थापायला बसतात. म्हणूनच त्यांच्या चांगुलपणावर आणखी किती भार टाकावा, असे मनात येते.

दुसरा प्रश्न आमच्या भुऱ्याचा. तो गल्लीतलाच देशी कुत्रा, पिल्लू असताना घरी आणलेला. मी पेटी काढली की तो उठून माझ्या गुडघ्याशी येऊन बसतो आणि मी षड्ज (‘सा’) लांबवला की मान वर करून, डोळे अर्धवट मिटून लांब हेल काढतो. गाण्याचे शब्द सुरू झाले की थांबतो. ओळीच्या शेवटी स्वर लांबला की पुन्हा सुरू. मुलांना त्याची गंमत वाटते, पण सासऱ्यांची झोप मोडते आणि शेजाऱ्यांचाही विचार करावा लागतो. हा त्याला होणारा त्रास आहे का? त्याला मालवणला न्यावे की घरी ठेवावे? आणि सहलीमुळे काही दिवस सराव चुकणार असेल, तर मी कार्यक्रमातून आपणहून बाजूला व्हावे का?

काळीचार

ताई, बाजूला होऊ नका. मात्र बाईंना आजच सांगा. निघण्याच्या आदल्या दिवशी कळवले, तर तुमच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या बाईंनाही नव्याने जुळवून घ्यावे लागते. आधी कळवले, तर शिकवणारा माणूस सरावाचा क्रम बदलू शकतो आणि नवे काही बसवायचे असेल तर तुम्ही असताना बसवतो.

समूहगानात घरी करता येण्याजोगे आणि चौघांत मिसळूनच करावे लागणारे, असे दोन भाग असतात. शब्द पाठ करणे, चाल पक्की करणे आणि ऱ्हस्व-दीर्घ सांभाळणे हे मालवणच्या किनाऱ्यावरही होईल. श्वास मात्र घरी जमत नाही. लांब स्वरावर सगळ्यांनी एकाच क्षणी श्वास घेतला तर गाणे तुटते, म्हणून शेजारच्या माणसाचा श्वास ओळखून आपण त्याच्या आधी किंवा नंतर घ्यायचा असतो आणि ही ओळख शेजारी उभे राहूनच होते. तीच गोष्ट शब्दांच्या शेवटांची. ‘प्रकाश’मधला ‘श’ वीस जणांनी वेगवेगळ्या क्षणी उच्चारला, तर ऐकणाऱ्याला नुसती सळसळ ऐकू येते. त्यामुळे मधले सराव चुकले तर भरून काढता येतील, पण पौर्णिमेआधीचे शेवटचे दोन सराव चुकवू नका. भाऊबीज झाल्यावर निघा आणि तुळशीच्या लग्नांना सुरुवात होण्याआधी परत या. द्वितीया ते द्वादशी एवढी मोकळीक सहलीला पुरेशी आहे आणि सासूबाईंनाही तुळशीच्या लग्नाच्या तयारीला तुम्ही हाताशी असाल.

घाटाविषयी एक सांगतो. बंद नाट्यगृहात आपला आवाज भिंतींवरून परत कानावर येतो. नदीकाठी तो येत नाही. त्यामुळे प्रत्येकाला आपण कमी पडतो आहोत असे वाटते आणि सगळे जोर लावू लागतात. परिणामी पट्टी, म्हणजे ‘सा’ धरलेला मूळ सूर, वर सरकते आणि घसा बसतो. मंडळाने एखादा सराव तरी उघड्या मैदानात घ्यावा, असे बाईंना जरूर सुचवा. घशाची काळजी हा आपल्या गावात हलक्यात घेण्याचा विषय नव्हे. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने ज्यांनी कोल्हापुरात जयपूर-अत्रौली घराण्याची शास्त्रीय गायकी रुजवली, त्या उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांचाही आवाज अतिगायनाने बसला होता आणि त्यांना आपली गायकी नव्याने घडवावी लागली. तेव्हा पहाटेच्या गारठ्यात थेट वरच्या स्वरांना हात घालू नका. उठल्यावर कोमट पाणी घ्या आणि आधी मंद्रातल्या, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, स्वरांनी गळा मोकळा करा.

पशुवैद्यक

भुऱ्याविषयी मी लिहितो. हा माझा रोजचा व्यवसाय आहे.

लांडगे लांब अंतरावरून एकमेकांना हेल काढून साद घालतात आणि कुत्र्यांत ती सवय उरली आहे. लांब, एका उंचीवर टिकून राहिलेला स्वर कानावर पडला की काही कुत्री त्याला उत्तर देतात. तुमचे शब्द सुरू झाल्यावर तो थांबतो, हे याच्याशी जुळते. तो आपणहून जवळ येऊन बसतो, यावरूनही त्याला त्रास होत नसावा असे दिसते. तरीही त्याचे अंग एकदा नीट पाहा. कान मागे चिकटलेले, शेपूट पोटाखाली, तोंड मिटून वारंवार ओठ चाटणे, झोप नसताना जांभया देणे, थरथरणे किंवा पलंगाखाली जाऊन बसणे यांपैकी काही दिसले, तर ती अस्वस्थता समजावी. माणसाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, तर कुत्र्याला सुमारे 45,000 हर्ट्झपर्यंतचे. जमिनीवर ठेवलेली पेटी त्याच्या कानाच्या अगदी जवळ असते, म्हणून ती टेबलावर घ्या आणि त्याची बसण्याची जागा खोलीच्या दुसऱ्या टोकाला करा.

हेल कमी करायचे असतील तर ओरडू नका. तुम्ही आवाज चढवलात की त्याला आणखी एक सोबती मिळाल्यासारखे होते. मोबाइलवर तंबोरा अगदी हळू लावा आणि तो शांत बसला असतानाच त्याला आवडीचा छोटा घास द्या. रोज थोडा थोडा आवाज वाढवा. हेल सुरू झाला की घास थांबवा आणि आवाज पुन्हा कमी करा. याला वेळ लागतो, पण घाई केल्यास सगळे मागे जाते.

खरी काळजी मला दिवाळीची वाटते. फटाक्यांच्या वेळी त्याला आतल्या खोलीत ठेवा, खिडक्या लावून घ्या आणि तो कोपऱ्यात लपला तर ओढून बाहेर काढू नका. फार घाबरत असेल, तर दिवाळीच्या आधीच आपल्या डॉक्टरांना भेटा. माणसांच्या झोपेच्या गोळ्या कदापि देऊ नयेत. काही गुंगीच्या औषधांनी कुत्र्याची हालचाल तेवढी मंदावते, भीती तशीच राहते, त्यामुळे औषध कोणते हे डॉक्टरांनीच ठरवावे. फराळाकडेही लक्ष असू द्या. लाडवातले आणि चिवड्यातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. कांदा आणि चॉकलेटही विषारी आहे. पाहुण्यांच्या मुलांना हे आधीच सांगून ठेवा, कारण प्रेमाने घास भरवणारी तीच असतात.

मालवणला नेण्याविषयी : फोंडा घाटाची वळणे अनेक कुत्र्यांना सोसत नाहीत आणि त्याला मोटारीची सवय नसेल, तर नेऊ नये असे माझे मत आहे. ओळखीचे माणूस घरी राहून त्याला सांभाळत असेल, तर तीच सर्वांत चांगली सोय. बाहेर ठेवायचेच असेल, तर रेबीजसह सर्व लसींची नोंद असलेले कार्ड आणि तुमची वापरलेली, न धुतलेली चादर सोबत द्या.

तुळशीवृंदावन

मी या दोघांपेक्षा थोडे वेगळे मत मांडते. माझ्या सुना आता नोकरी करतात, नातवंडे मोठी झाली, आणि सगळे कुटुंब एका छपराखाली सुट्टी घालवते, असे दिवस किती पटकन संपतात हे मी पाहिले आहे. काळीचार यांनी सांगितलेल्या तिथी उत्तम आहेत, पण नणंदेच्या घरच्यांना त्या सोयीच्या नसतील, तर गाणे सोडून सहलीला जा आणि मनात किंतू ठेवू नका. घाटावरची पौर्णिमा दर वर्षी येते.

मात्र सासूबाई भाकरी थापतात म्हणून संकोचून तुम्ही स्वतःच माघार घेऊ नका. त्यांना स्पष्ट विचारा. आमच्या पिढीतल्या कित्येक जणींना गाता येत होते आणि जाता येत नव्हते. सुनेला जाता यावे म्हणून भाकरी थापणाऱ्या बाईला तो भार वाटत असेलच, असे धरून चालू नये. सरावाच्या दिवशी सकाळचे काम तुम्ही अधिक उचला आणि एखाद्या संध्याकाळी त्यांना सरावाला सोबत घेऊन जा.

मंगळवारपेठ

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. नणंदेशी बोलले, भाऊबीज आमच्याकडे करून दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी निघायचे आणि द्वादशीच्या आत परतायचे, हे त्यांनाही मान्य आहे. सासऱ्यांना प्रवास नको आहे, त्यामुळे ते आणि भुऱ्या घरी राहतील. शेजारचा मुलगा सकाळ-संध्याकाळ त्याला फिरवून आणील. आज पेटी टेबलावर घेतली, तेव्हा भुऱ्या उंबऱ्याशी जाऊन पुढच्या पायांवर हनुवटी टेकून पडला. कान सैल होते, शेपूट हलत होती. सासूबाईंनाही विचारले. त्या म्हणाल्या, ‘मला गाणे ऐकायला यायचे आहे, आधीच का नाही विचारलेस?’

एक शंका राहिली. घरी मी काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी ‘सा’ धरून, गाते आणि मंडळात पुरुष असल्यामुळे बाई त्याहून खालची पांढरी चार लावतात. घरचा सराव माझ्या सोयीच्या पट्टीत केला तर चालेल का?

काळीचार

चालणार नाही, ताई. गळ्याला जागा आठवते. घरी उंच पट्टीत गायची सवय झाली, की मंडळात खालच्या स्वरांना आवाज पोकळ लागतो आणि नकळत तुम्ही वर सरकता. मधल्या पट्टीत पुरुषांना तार, म्हणजे वरच्या, सप्तकात आणि स्त्रियांना मंद्रात थोडी ओढाताण होतेच. ती सोसण्याची तयारी घरीच व्हायला हवी. खालचे स्वर ढकलू नका, हळू पण पूर्ण श्वासाने लावा. गळा तापवण्यापुरते काळी चारमध्ये गायला हरकत नाही, पण गाणी पांढरी चारमध्येच म्हणा. भुऱ्यासाठी मोबाइलवर जो तंबोरा लावणार आहात, तोही याच पट्टीत लावा.