दौलताबाद आणि नाथसागरासाठी कोणती कृष्णधवल फिल्म?

प्रश्न (पठारावरून): राम राम मंडळी. ऑक्टोबरात दौलताबादचा किल्ला आणि पैठणला नाथसागराचा काठ 35 मिमीवर टिपायचा आहे. ट्रायपॉड आहे. एफपी4 प्लस (वेग 125) घेऊ की एचपी5 प्लस (वेग 400)? आकाश गडद यावं म्हणून लाल फिल्टर लावू का? रोल घरीच धुतो, पण नळाचं पाणी 28 अंशांच्या खाली येत नाही.

काळा पाषाण: भाऊ, ट्रायपॉड आहे ना, मग डोळे झाकून एफपी4. एचपी5 चा 400 चा वेग तिथं वाया जातो अन् दाणा (चित्रातला खरखरीतपणा) तेवढा पदरात पडतो. खरी अडचण फिल्मची नाही, उजेड मोजणाऱ्या मीटरची आहे. सावलीतल्या काळ्या दगडावर मीटर धरलं की ते त्याला मधला करडा करायला बघतं आणि उन्हातली बाजू पांढरीफट्ट होते. म्हणून सावलीचं माप घ्या आणि दोन स्टॉप कमी करा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा): एफ/8 ला 1/15 आलं, तर 1/60 द्या. कातळाचा पोतही राहतो, काळेपणाही. अंधारीत (किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेत) मीटरनं 10 सेकंद दाखवले तर एफपी4 ला 18 द्या. लांब एक्स्पोजरला फिल्म मंदावते.

फिल्टरवाला: लाल नको. सावलीत जो उजेड पोचतो तो बहुतेक निळ्या आकाशाचा. लाल फिल्टर नेमका तोच अडवतो, त्यामुळं आकाशासोबत तटबंदीच्या सावल्याही ठार काळ्या होतात. शिवाय तीन स्टॉप जातात. पिवळा (एक स्टॉप) पुरतो, ढग फारच सुरेख असतील तर नारिंगी (दोन स्टॉप). कॅमेऱ्याचं मीटर लेन्समधूनच मोजत असेल तर हे स्टॉप वेगळे धरू नका. ऑक्टोबर निवडलात ते उत्तम; मे महिन्यातलं धुळीचं पांढुरकं आकाश कोणत्याच फिल्टरनं गडद होत नाही.

पठारावरून: पटलं, पिवळाच घेतो. आणि पाण्याचं काय? डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) आयडी-11 आहे.

काळा पाषाण: 1+1 मिश्रणाला (एक भाग डेव्हलपर, एक भाग पाणी) 20 अंशांवर 11 मिनिटं, 24 वर सुमारे 8. 28 वर वेळ पाचेक मिनिटांवर येतो. मग ओतण्या-उपसण्यातला फरकसुद्धा आकाशात पट्टे होऊन दिसतो. 24 वरच धरा. डेव्हलपरमध्ये थेट बर्फ टाकू नका, पातळ होतो. टबात पाणी घ्या, त्यात गोठवलेली पाण्याची बाटली सोडा आणि डेव्हलपर, फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन), धुण्याचं पाणी सगळं त्याच टबात अर्धा तास ठेवा. 24 च्या डेव्हलपरनंतर फिल्म तापलेल्या टाकीच्या पाण्याखाली धरली, तर मऊ झालेल्या थराला बारीक जाळी पडू शकते, आणि ती जाळी पुन्हा जात नाही.