मदत हवी आहे: ग्रामसभेत न घाबरता कसं बोलावं?

नमस्कार मंडळी. महिला राखीव जागेवरून मी पहिल्यांदाच ग्रामपंचायत सदस्य झालेय. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मला पाण्यावर बोलायचंय. जलजीवन मिशनप्रमाणे माणशी दिवसाला 55 लिटर पाणी नळाने यायला हवं. आमच्या वरच्या आळीत घराला दिवसाआड चार हंडेही भरत नाहीत. तारखा, वेळा सगळं वहीत टिपून ठेवलंय.

मागच्या सभेत उठले तेव्हा हातातला कागद थरथरत होता. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले, माईक तोंडापासून लांब गेला आणि मागून कोणीतरी ओरडलं, "ताई, ऐकू येत नाही!" घशाला कोरडच पडली. तीन वाक्यांत खाली बसले. बचत गटात मात्र मी तासभर बोलते, म्हणजे मला बोलता येतं.

सगळं पाठ करावं की नुसते मुद्दे न्यावेत? पाठ केलं की एक शब्द निसटला तरी पुढचं सगळं जातं. सासरे आणि दीर समोरच बसतात, तेव्हा नजर कुठे ठेवायची? मधेच कोणी टोकलं तर?

आमच्याकडे कीर्तनकार बुवा अभंगाचा चरण म्हणून क्षणभर गप्प राहतात आणि सगळा मंडप कान टवकारतो. असं थांबायचं धाडस कशानं येतं?

सभेत बोलणाऱ्या ताई-दादांनी आपला अनुभव सांगा. तीन आठवडे आहेत, रोज रात्री अर्धा तास सराव करीन.