डेव्हनमधील काडाने शाकारलेल्या जुन्या शेतघराचे वय कशावरून ठरते?

वास्तुवाचक:
इंग्लंडच्या नैऋत्य भागातील डेव्हन या काउंटीमधल्या जुन्या शेतघरांविषयी सध्या वाचत आहे. संरक्षित इमारतींच्या यादीत अशा घराची नोंद पाहिली, तर पुष्कळदा ‘१५व्या शतकातील, १६व्या व १७व्या शतकांत बदल केलेले’ अशा अर्थाचे वर्णन आढळते. छायाचित्रात मात्र दिसते ते दुमजली घर, भक्कम दगडी धुराडे, बऱ्याच नंतरच्या खिडक्या आणि वर काडाचे जाड छप्पर. बाहेरून १५व्या शतकाची एकही खूण दिसत नसताना हा काळ कोणत्या पुराव्यावर ठरवतात? काडाचे छप्पर काही दशकांनी बदलावेच लागत असेल, तर छपरावरून काही कळण्याची शक्यताही उरत नाही, असे मला वाटते. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

आढेपाखे:
पुरावा बाहेर नसून माळ्यावर, छपराच्या आतल्या अंगाला असतो. मध्ययुगाच्या अखेरीस बांधलेल्या या घरांतील मधले मोठे दालन जमिनीपासून थेट आढ्यापर्यंत मोकळे असे. दालनाच्या जमिनीवर उघडी आगटी पेटत असे आणि धुराडे नसल्यामुळे धूर पाख्यांखाली साचून काडातून हळूहळू बाहेर पडे. पिढ्यानपिढ्या असा धूर बसून वासे, रिपा, त्यांचे बंध आणि काडाचा सर्वांत खालचा थर काळाभोर झाला. पुढे १६व्या-१७व्या शतकांत दालनात दगडी धुराडे घातले गेले, तुळया टाकून वरचा मजला केला गेला आणि ते काळे छप्पर माळ्याच्या अंधारात बंद झाले. आज तेथे विजेरी घेऊन चढल्यास जुना वासा काजळीने चकाकताना दिसतो आणि त्याला लागूनच नंतर बसवलेला वासा लाकडाच्या मूळ रंगाचा राहिलेला असतो. आडभिंतीही अशाच वाचता येतात. आढ्यापर्यंत पोचलेल्या भिंतीची एकच बाजू काळी असेल, तर आगटी पेटत होती तेव्हाही ती भिंत उभी होती. भिंतीच्या दोन्ही बाजू स्वच्छ आणि शेजारचे वासे मात्र काळे असतील, तर ती बहुधा धुराडे आल्यानंतरची.

छपराविषयीचा आपला तर्क मात्र मला मान्य नाही. डेव्हनमधील जुन्या रीतीत शाकारणीच्या वेळी सगळे छप्पर उतरवत नसत. कुजलेला वरचा थर काढायचा आणि खालच्या टणक थरावर नवे काड अंथरून ते हेझल या झुडपाच्या चिरलेल्या, मधोमध पिळून वाकवलेल्या फोकांनी खोचून पक्के करायचे, एवढेच काम असे. गव्हाचे विंचरलेले काड साधारण २५ ते ३५ वर्षे टिकते, पण हे आयुष्य वरच्या थराचे. पाख्याला पुरेसा उतार असला की पाणी वरच्या वर ओघळून जाते आणि तळाचा थर शतकानुशतके कोरडा राहतो. धुराने काळवंडलेले असे तळथर दक्षिण इंग्लंडमधील शंभराहून अधिक इमारतींत सापडले आहेत आणि त्यांतील बहुसंख्य डेव्हनमध्ये आहेत. त्या काडात गव्हाच्या लोंब्या, राय हे धान्य आणि शेतातले तण जसेच्या तसे मिळते. काड आजच्या गव्हापेक्षा बरेच उंच असते आणि गव्हाचे निरनिराळे प्रकार एकत्र मिसळलेले असतात. मला विचाराल तर या घरांतील खरा ठेवा वास्तूपेक्षा हाच आहे.

मातीकाम:
छपराबरोबर भिंतीही पाहाव्यात, कारण एकाची हेळसांड झाली की दुसरे टिकत नाही. डार्टमूर या डेव्हनमधील उंच माळरानाबाहेर या घरांच्या भिंती पुष्कळदा कॉबच्या असतात, म्हणजे चिकणमाती व काड पाणी घालून तुडवायचे आणि साचा न लावता थरावर थर रचत जायचे. खालचा थर घट्ट झाल्याशिवाय पुढचा चढवता येत नसल्यामुळे हे काम सावकाश चाले. भिंतीची जाडी साधारण ६० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक, खाली दगडी जोते आणि वर बरीच पुढे काढलेली वळचण असते, कारण अशा छपराला सहसा पन्हळ नसते आणि पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्या लागतात. ईस्ट बडलीजवळचे हेज बार्टन, म्हणजे इंग्लिश दर्यावर्दी सर वॉल्टर रॅले यांचे जन्मघर, कॉबच्या भिंतींचे आणि काडाच्या छपराचेच आहे. अशा भिंतींवर पुढे सिमेंटचा गिलावा चढवला गेला की ओल आत कोंडते आणि भिंत आतून मऊ होऊन ढासळू शकते. त्यांना चुन्याचाच गिलावा मानवतो.

डार्टमूरवर मात्र ग्रॅनाइटची लांबट घरे आढळतात. माणसे आणि गुरे एकाच आढ्याखाली राहत आणि मूळ रचनेत एकाच दारातून आत येत. गोठा उताराच्या बाजूला असे, म्हणजे मूत्र व घाण मधल्या गटारातून बाहेर वाहून जाई. पाउंड्सगेटजवळच्या हायर अपाकॉट या घरात असा गोठा जवळजवळ मूळ स्वरूपात पाहायला मिळतो.

शंकेखोर:
वरील दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत, पण काजळीवरून वर्ष कळत नाही, फक्त क्रम कळतो. उघड्या आगटीची घरे १६व्या शतकातही बांधली जात होती, त्यामुळे काळा वासा म्हणजे १५वे शतक, असे समीकरण मांडता येणार नाही. वर्षासाठी ओकच्या वाशांतील वाढीची वलये मोजतात आणि सालीलगतचे शेवटचे वलय शाबूत असेल, तरच झाड तोडल्याचे नेमके वर्ष मिळते. डेव्हनमध्ये येथेच घोडे अडते, कारण अनेक वासे झपाट्याने वाढलेल्या झाडांचे असल्यामुळे त्यांत वलये फार थोडी असतात. जुन्या घराचे लाकूड नव्या घरात वापरलेले असण्याची शक्यताही तपासावी लागते.

धुराडी आणि वरचे मजले केव्हा आले, याविषयीही सावध असावे. इतिहासकार डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १९५३ मध्ये इंग्लंडमधील ग्रामीण घरांच्या मोठ्या पुनर्बांधणीचा काळ १५७० ते १६४० असा मांडला आणि तो पुष्कळ वर्षे प्रमाण मानला गेला. १९७७ मध्ये आर. मॅचिन यांनी त्यावर आक्षेप घेतला आणि ही लाट प्रदेशागणिक वेगवेगळ्या वेळी आल्याचे दाखवले. त्यामुळे एखाद्या घरातील धुराडे केवळ त्या चौकटीत बसते म्हणून त्याला १६०० च्या आसपासचे ठरवणे मला घाईचे वाटते.

वास्तुवाचक:
सर्वांचे आभार. आता एकच शंका उरली. तळाचा थर इतका मोलाचा असेल, तर आज शाकारणी करताना घरमालकाला तो काढून टाकता येतो का?

आढेपाखे:
घर यादीत असेल, तर त्याच्या वैशिष्ट्यांवर परिणाम करणाऱ्या कामासाठी १९९० च्या कायद्यानुसार स्थानिक नियोजन प्राधिकरणाची संमती घ्यावी लागते आणि असा थर काढून टाकणे त्यात मोडते. म्हणून कुजलेले काड उतरवण्याआधीच छप्पर आतून तपासून त्याची नोंद करून घेणे शहाणपणाचे. दुसरी अडचण मालाची आहे. कम्बाइन हार्वेस्टरमधून निघालेले काड मोडलेले असते आणि गव्हाचे बहुतेक आधुनिक वाण बुटके आहेत, त्यामुळे शाकारणीसाठी मॅरिस विजन यासारखे जुने उंच वाण मुद्दाम पेरून बाइंडर या कापून पेंढ्या बांधणाऱ्या यंत्राने कापतात आणि पेंढ्या शेतातच उभ्या करून वाळवतात.