मदत हवी आहे: रोमन चांदीच्या नाण्यावरची पळी कसली? आणि आत तांबं आहे का?

धागाकर्ता: वजन ३.७० ग्रॅम, व्यास १८ मिमी. पुढे पानांचा मुकुट घातलेलं डोकं. मागे टोगा नेसलेले दोघे उभे, मधे दोन ढाली, दोन भाले. त्यांच्या वर पळीसारखं काहीतरी आणि शेजारी टोक वळलेली काठी. कडेला हिरवट डाग आहे. चिंचेने घासून बघू का?

टांकसाळ: घासू नका! मूळ पृष्ठभाग गेला की परत येत नाही. हिरव्या डागावरून काही ठरत नाही, चांगल्या चांदीतही थोडं तांबं असतंच. घनता काढा. मिलिग्रॅमचा काटा घ्या, पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला, काठाला टेकता कामा नये. ३.७० भागिले येणारा आकडा. चांदीला १०.३च्या आसपास, तांब्यावर नुसता चांदीचा पत्रा असेल तर ९च्या जवळ. नाण्याला बुडबुडे चिकटले तर घनता खोटी कमी येते, पाण्यात साबणाचा एक थेंब टाका.

लेखवाचक: हे रोमन सम्राट ऑगस्टसचं देनारिअस (रोमन चांदीचं नाणं), लुग्दुनुमच्या (आजचं लिऑन) टांकसाळीतलं. नाण्यावरच्या लेखात 'पातेर पात्रिए' असणार. राष्ट्रपिता हा किताब त्याला इ.स.पू. २ मध्ये मिळाला, म्हणजे नाणं त्याआधीचं नाही. मागचे दोघे गायस आणि ल्युशिअस. रक्ताने नातू, पण इ.स.पू. १७ मध्ये दत्तक घेतलेले, म्हणून लेखात 'ऑगस्टसचे पुत्र'. पळी म्हणजे सिम्पुलम, देवाला मद्य अर्पण करायची; ती गायसच्या पोन्तिफेक्स (रोमन पुरोहित) पदाची खूण. काठी म्हणजे लितुउस, पक्ष्यांवरून शकुन पाहणाऱ्या ऑगुरची. ते पद ल्युशिअसचं. चांदीच्या ढाली-भाले रोमच्या अश्वारोही वर्गाने दोघांना दिले होते. थोडक्यात, वारस कोण याची जाहिरातच! ती फुकट गेली: ल्युशिअस इ.स. २ मध्ये वारला, गायस ४ मध्ये, आणि गादी टिबेरिअसकडे गेली.

धागाकर्ता: आकडा ०.३५७ आला. म्हणजे १०.३६.

टांकसाळ: मग तांब्याचा गाभा नाही. पण खऱ्या चांदीत ओतलेली नक्कलही एवढीच भरते. भिंगाने कड बघा. गोल फिरणारी शिवण किंवा सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसले तर ओतीव. ठोकलेल्या नाण्याच्या कडेला बहुतेकदा चिरा असतात.

धागाकर्ता: शिवण नाही, दोन चिरा आहेत.

लेखवाचक: आता अक्षरं तपासा. ही जात दक्षिण भारतात ढिगाने आली आणि इथे तिच्या नकलाही ठोकल्या गेल्या. त्यांत अक्षरं उलटी किंवा नुसत्या रेघोट्या, आणि माणसं काडीसारखी असतात. लेखाचा जवळून फोटो टाका.