मदत हवी आहे: बीएस्सीला मुलं यावीत म्हणून काय करता तुम्ही?

नमस्कार, मी पुण्यात एका अनुदानित कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. यंदा अ‍ॅडमिशन कमिटीत नाव आलंय आणि खरं सांगायचं तर झोप उडालीये. एफवाय बीएस्सीच्या जागा दोन वर्षं भरतच नाहीयेत, सगळा ओढा इंजिनिअरिंग नाहीतर बीसीएकडे. मुलं कमी झाली की वर्कलोड कमी आणि मग सीएचबीवरच्यांना, म्हणजे तासावर पगार मिळणाऱ्या शिक्षकांना, आधी घरी बसावं लागतं, माझ्या शेजारच्याच टेबलवर असे दोघं बसतात.

आत्तापर्यंत फ्लेक्स लावले, पेपरात पत्रकं टाकली, इन्स्टावर रील टाकली, त्यातून एकही फोन आला नाही.

गेल्या जूनमधली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. भोरकडची एक मुलगी वडलांबरोबर आली होती, हातात प्लास्टिकच्या पिशवीत मार्कशीट, दाखले सगळं नीट लावलेलं. वडलांनी नॅकची, म्हणजे कॉलेजच्या दर्जाची, ग्रेड नाही विचारली. विचारलं काय, तर बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट होता, आता पुढं काय? होस्टेलला नंबर लागेल का? आणि डिग्री आता चार वर्षांची झाली म्हणतात, मग तीन वर्षांत सोडलं तर वाया का? शेवटचं तरी मला माहीत होतं, तीन वर्षांनी डिग्री मिळतेच, चौथं वर्ष ऑनर्ससाठी. बाकीच्यासाठी आम्ही त्यांना या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवलं, साडेबाराला जेवणाची सुट्टी झाली आणि ते निघून गेले, परत आलेच नाहीत. मला अजून वाईट वाटतं.

तर विचारायचंय हे की भोर, मुळशी, जुन्नरकडच्या ज्युनिअर कॉलेजांत कुणी जाऊन आलंय का, कधी जाता, आणि तिथं बोलता काय? २०२५ ला बारावीचा निकाल ५ मेलाच लागला, म्हणजे मे महिन्यात हालचाल करून उपयोग नाही असं वाटतंय. खोटी प्लेसमेंट सांगून मुलं आणायची नाहीयेत मला.

---

ताई, आम्ही खेड (राजगुरुनगर) भागात चार वर्षं जातोय. डिसेंबरात जा, जानेवारीपासून मुलं प्रॅक्टिकल आणि बोर्डाच्या गडबडीत असतात. भाषण नको, त्याच गावची तुमची एसवायची, म्हणजे दुसऱ्या वर्षाची, दोन मुलं न्या, पोरं त्यांनाच विचारतात खोलीभाडं किती, मेस कशी. एका शनिवारी लॅब उघडी ठेवून टायट्रेशन त्यांच्या हातानं करू द्या. आणि जूनमध्ये एकच टेबल लावा, तिथं होस्टेल, महाडीबीटीची (सरकारी पोर्टलवरची) स्कॉलरशिप, एसटीचा सवलतीचा पास हे सगळं माहीत असलेला एक माणूस दिवसभर हवा, जेवणाच्या सुट्टीतसुद्धा.

---

खूप आभार सर. जेवणाच्या सुट्टीत मीच बसेन. एसवायला राजगुरुनगरची एक मुलगी आहे, उद्याच विचारते तिला.