आजीच्या महिन्याच्या मिस्सेसाठी स्मरणपत्रिका करतोय, व्यवसायात काय लिहू?

राहुरीचा नातू (वडगाव शेरी)

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात आमची आजी गेली. आधारवर तिची जन्मतारीख 1 जानेवारी 1934 आहे पण ती कुणीतरी अंदाजाने टाकलेली, घरातले सगळे म्हणतात त्याच्या आधीची होती. गाव राहुरी तालुक्यात, शेवटची अकरा वर्षं आमच्याकडे वडगाव शेरीला. येत्या शनिवारच्या पुढच्या शनिवारी महिन्याची मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) आहे, फादरांनी मला पाच मिनिटं बोलायला सांगितलंय आणि स्मरणपत्रिकेचा मजकूरही माझ्यावरच आलाय.

अडलंय ते असं. मृत्यूची नोंद करताना फॉर्मवर व्यवसायाचा रकाना होता. खिडकीवरच्या माणसाने न विचारता "गृहिणी" लिहून टाकलं आणि मी पण गप्प बसलो, तेव्हा काही सुचत नव्हतं. आता रात्री पडलो की तेच डोळ्यासमोर येतं.

कारण माझी आजी पहाटे चारला उठून दळण, पाणी, नऊ जणांच्या भाकरी करून वावरात जायची आणि अंधार पडल्यावर डोक्यावर गवताचा भारा घेऊन यायची. पेरणीला आजोबांच्या मागे चाड्यावर (पाभरीच्या बी सोडायच्या तोंडावर) मूठ तीच धरायची. पाटाला रात्रीचं पाणी आलं की कंदील घेऊन पिकाला दारं धरायला, म्हणजे पाणी द्यायला, पण तीच, कारण आजोबा साखर कारखान्यावर सीझनला जायचे. बाजरीचं बी तिने कधी दुकानातून आणलं नाही. सोंगणीच्या आधी उभ्या पिकात फिरून चांगली दाणेदार कणसं हेरायची, त्याला जुन्या लुगड्याची चिंधी बांधून ठेवायची आणि मग ती कणसं चुलीच्या वर धुरात टांगलेली असायची, किडा लागायचा नाही. डाव्या हाताच्या पहिल्या बोटावर विळ्याची आडवी खूण होती, लहानपणी मी त्यावरून बोट फिरवत झोपायचो.

सात लेकरं वाढवली, दोन गेली. त्या दोघांची नावं ती शेवटपर्यंत रोज रात्रीच्या जपमाळेत घ्यायची.

शाळेत एक दिवस गेली नाही पण लॅटिन मिस्सेची उत्तरं तोंडपाठ. फादर "डॉमिनुस वोबिस्कुम" म्हणाले की "एत कुम स्पिरितू तुओ" हे तिने नुसतं ऐकून ऐकून पाठ केलेलं. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली तेव्हा म्हणे घरी येऊन म्हणाली, आज देव आपल्या घरातल्यासारखा बोलला.

तर दोन प्रश्न. खरी जन्मतारीख कुठे सापडेल? आणि पत्रिकेवर "शेतकरी" लिहिलं तर चालेल का, काकांचं म्हणणं आहे की सातबारा आजोबांच्या नावावर होता, लोक काय म्हणतील.

माजी ग्रामसेवक

आजींना श्रद्धांजली. आधी तुमच्या मनातला काटा काढतो. मृत्यूच्या फॉर्मला दोन भाग असतात, एक कायदेशीर आणि एक सांख्यिकीचा. व्यवसाय त्या दुसऱ्या भागात जातो, दाखल्यावर तो छापूनच येत नाही. दाखला काढून बघा, तिथे नाव, तारीख, ठिकाण, आईवडील, पत्ता असंच दिसेल. तरी दुरुस्ती करायची असेल तर 1969 च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यात तशी सोय आहे, निबंधकाकडे अर्ज द्यावा लागतो.

आता सातबाऱ्याचं. मी तीस वर्षं गावागावात काढली, बाया शेतात आणि पुरुष कागदावर हेच बघितलं. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी बायकोच्या नावावर जमीन करायची लक्ष्मीमुक्ती मोहीम चालवली, मग 1992 ला सरकारनेही योजना आणली, नवऱ्याने तलाठ्याकडे अर्ज दिला की बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. पण अर्ज नवऱ्याने द्यायचा, त्यामुळे किती जणांनी दिला ते विचारू नका. तुमचे आजोबा आधी गेले असतील तर वारस फेरफार बघा. ख्रिस्ती कुटुंबाला 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो, मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि बाकीचं मुलामुलींना सारखं. म्हणजे आजी कायद्याने मालकीण होत्याच, काकांना एवढं सांगा. आणि शेतकरी ठरायला सातबारा कशाला लागतो, तो तर मालकीचा कागद.

पॅरिश ऑफिस

मी पुण्यातल्या एका पॅरिशच्या (म्हणजे चर्चच्या विभागाच्या) ऑफिसात काम करते. जन्मतारखेसाठी बाप्तिस्म्याचं रजिस्टर बघा. गाव आता ज्या पॅरिशमध्ये आहे तिथेच सापडेल असं नाही हां, तिकडच्या बऱ्याच पॅरिशेस नंतर फुटून झाल्यात, त्यामुळे मूळ जुनी पॅरिश कोणती ते विचारा. राहुरीकडे केंदळचं मिशन जुनं, निरोप्या मासिक सुद्धा 1903 ला तिथूनच निघालं. आणि पुण्यात बिशप हाऊसला शोधू नका. नाशिक धर्मप्रांत 1987 ला वेगळा झाला, त्याआधी तो सगळा भाग पुणे धर्मप्रांतात होता हे खरं, पण रजिस्टरं पॅरिशमध्येच राहतात.

जुन्या नोंदी लॅटिनमध्ये असतात, घाबरू नका, आईवडील आणि धर्ममातापित्यांची नावं लगेच ओळखू येतात. मुख्य म्हणजे नोंदीच्या बाजूचा समास बघा. दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा संस्कार) आणि लग्न दुसऱ्या पॅरिशमध्ये झालं तरी तिथून कळवतात आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी लिहून ठेवतात. आजींची निम्मी कहाणी त्या समासात असेल. जाण्याआधी फादरांना फोन करा आणि आजींच्या वडिलांचं नाव, माहेरचं गाव घेऊन जा, सासरचं नाही. लोक इथेच चुकतात, सासरच्या पॅरिशमध्ये दिवसभर पानं उलटत बसतात.

वसईची लेक, कॅम्प

वाचून माझी आई आठवली. आमची वाडी वसईला, केळी आणि भाजी, आई लाल लुगडं नेसून पहाटेच्या गाडीने टोपल्या घेऊन दादरला जायची. तुमच्याकडे पाटाचं पाणी, आमच्याकडे विहीर आणि रहाट, पण बाई तीच. एक सांगू का, नातेवाइकांना "आजीबद्दल सांगा" असं विचारू नका, सगळे प्रेमळ होती, कष्टाळू होती एवढंच म्हणतात. कामाचं विचारा. तिच्याबरोबर खुरपायला कोण जायचं, म्हशीची धार कोण काढायचं, 72 च्या दुष्काळात काय खाल्लं. त्यातून माणूस बाहेर येतं. आणि तिच्या जोडीच्या बाया अजून असतील तर आधी त्यांच्याकडे जा, घरच्यांकडे नंतर.

राहुरीचा नातू (वडगाव शेरी)

सगळ्यांचे आभार, मनापासून. रविवारी शिवाजीनगरहून पहाटेची एसटी धरून गेलो होतो. दाखला पण बघितला, व्यवसायाचा रकाना खरंच नाहीये त्यावर.

रजिस्टर सापडलं. आजीच्या माहेरच्या जुन्या पॅरिशमध्ये, कडा खाल्लेलं, शाई तपकिरी झालेली. जन्म, बाप्तिस्मा दोन्ही मे 1931. म्हणजे चौऱ्याण्णव. समासात लग्न 1947, बारीक अक्षरात गावाचं नाव. बोट ठेवायची हिंमत झाली नाही पानावर, नुसता बघत बसलो. फादरांनी चहा मागवला आणि काही न बोलता शेजारी बसले.

फेरफार पण काढला. आजोबांनंतर वारसात आजीचं नाव लागलेलं आहे, पहिलंच. काकांना फोटो पाठवला, ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले आम्हाला माहीतच नव्हतं रे.

वसईच्या ताईंचं ऐकून आजीच्या जोडीणीकडे गेलो. शेजारच्या वावरातल्या आजी, आता पंच्याऐंशीच्या, घरात खंडोबाचा टाक. त्यांना 72 चं विचारलं. म्हणाल्या दोघी नाला बांधायच्या कामावर होतो, तुझी धाकटी आत्या लिंबाच्या झाडाला झोळीत. कामावर खायला सुकडी मिळायची आणि रेशनला लाल मिलो ज्वारी, त्याची भाकरी थापताना फुटायची म्हणून आजी उकळत्या पाण्यात पीठ मळायची. आणि स्वतःच्या वाटची सुकडी पदरात बांधून लेकरांना आणायची, मुकादमाने एकदा बघितलं तर त्याच्या समोर एक घास खाल्ला आणि बाकीची परत बांधली.

मग त्यांनी मला माहीत नसलेली गोष्ट सांगितली. खुरपताना आजी एका पाथीला (खुरपायच्या एका पट्ट्याला) जपमाळेचं एक दशक म्हणायची. दहा नमो मारिया झाल्या की पाथ संपायला पाहिजे, असा तिचा हात बसलेला. पाच पाथी म्हणजे एक जपमाळ. माळ कनवटीला असायची पण हात मातीचे म्हणून काढायची नाही. बाकीच्या बाया गप्प कशाला राहायच्या, त्या पण मागून उत्तर द्यायला लागल्या, कुणाचा धर्म कुठला ते कोण बघतंय उन्हात. असं बोलता बोलता त्या आजींनी ओट्यावर बसल्या बसल्या नमो मारिया म्हणायला सुरुवात केली, एक शब्द चुकला नाही, आणि म्हणताना उजवा हात खुरपं धरल्यासारखा आपोआप हलत होता.

शनिवारी मिस्सेला येतो म्हणाल्यात. चर्चमध्ये पुढे बसलं तर चालतं का असं विचारत होत्या, गाडी घेऊन मी आणायला जातोय आणि पहिल्या बाकावर आईच्या शेजारी बसवणार आहे. पाच मिनिटांत मी हे पाथीचंच सांगणार, दुसरं काही नको.

पत्रिका आज क्वार्टर गेटजवळच्या प्रेसला दिली. जन्म मे 1931, राहुरी तालुका. व्यवसाय शेती.