मदत हवी आहे: एक्टोपिकचा क्लेम मॅटर्निटी म्हणून नाकारलाय

नमस्कार मंडळी, सांगलीतून लिहितेय. मागच्या महिन्यात माझ्या जावेच्या पोटात अचानक कळ आली, मिरजेला नेलं तर सोनोग्राफीत कळलं गर्भ गर्भाशयात नाही, नळीत राहिलाय (यालाच एक्टोपिक म्हणतात), नळी फुटायच्या बेतात, त्याच रात्री दुर्बिणीने ऑपरेशन करायला लागलं. आरोग्य विम्यात कॅशलेस टाकलं तर टीपीएवाल्यांचं (विमा कंपनीतर्फे क्लेम बघणाऱ्यांचं) उत्तर काय, तर मॅटर्निटी कव्हर नाही!! अहो बाळंतपण कुठलं, जिवावरचं दुखणं होतं ते. शेवटी भिशी उचलून बिल भरलं.

नंतर भरलेलं बिल परत मागितलं (रिइम्बर्समेंट), त्याचं पण तेच, एका ओळीचं पत्र. मग मीच चष्मा लावून पॉलिसीचं ते बारीक अक्षरातलं पुस्तक काढून बसले, तर मॅटर्निटीच्या एक्सक्लुजनमध्ये (काय कव्हर नाही ते सांगणाऱ्या कलमात), कोड १८, स्पष्ट छापलंय की एक्टोपिक प्रेग्नन्सी सोडून. म्हणजे ती वगळलेलीच नाही ना? पॉलिसीला दोन वर्षं झालीत त्यामुळे सुरुवातीच्या ३० दिवसांच्या वेटिंग पिरियडचाही प्रश्न नाही. एजंट म्हणतात "वहिनी, फाईलीत वंध्यत्वाच्या गोळ्या दिसतायत, सोडून द्या." गोळ्या घेत होती हे खरं, पण आम्ही गोळ्यांचे पैसे कुठं मागतोय, ऑपरेशनचे मागतोय.

विमा कंपनीच्या ग्रिव्हन्सला (तक्रार विभागाला) मेल केलाय, ३० दिवसांत नाही आलं उत्तर तर पुण्याला विमा लोकपालाकडे जाणार, तिथं फी नाही नि वकीलही लागत नाही. कुणी गेलंय का? आमच्या डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'प्रेग्नन्सी' लिहिलंय, ते डॉक्टरांकडून दुरुस्त करून घ्यावं का वेगळं सर्टिफिकेट चालतं? नळीचा बायोप्सी रिपोर्ट आहे, तो जोडू ना?